गर्दीतला शेवटचा चेहरा

झगमगवीर आकाशातून उतरायचा तेव्हा खाली माना वर करून बघायला माणसं लागायची. ती माणसं काढायचं काम गर्दीबाईकडे होतं.

झगमगवीर म्हणजे दर महिन्याला निघणाऱ्या एका चित्रकथेचा नायक. हा गडी उडायचा, भिंती फोडायचा, बुडती जहाजं एका हातानं उचलायचा. पण उचलायच्या आधी ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते बघून घ्यायचा. त्याच्यामागे एक पावडर लावणारी आणि एक फोटोवाला उडत असायचे. जळत्या इमारतीतून बाई हाका मारतेय आणि हा खिडकीबाहेर तरंगत विचारतोय, "डावा गाल बरा दिसेल की उजवा?" असला सगळा वात्रटपणा. जो तो प्रसिद्धीसाठी हपापलाय, त्याची टर उडवावी म्हणून लेखकानं हा वीर जन्माला घातला होता. लेखक स्वतः प्रत्येक मुलाखतीला नवा शर्ट शिवून घ्यायचा, ही गोष्ट वेगळी.

कचेरी टायरच्या दुकानावर होती. जिना चढताना रबराचा वास, वर पोचलं की शाईचा. एका लांबलचक टेबलाशी सगळे बसायचे. मुख्य चित्रकार झगमगवीर काढायचा: त्याचे दंड, त्याचा झगा, कपाळावर बरोबर जागी येणारी ती बट. गर्दी काढायची म्हटलं की त्याच्या अंगावर काटा. "एवढी डोकी काढण्यापेक्षा मी स्वतःचं एक डोकं फोडून घेईन," म्हणायचा. मग ते पान टेबलावरून सरकत सरकत खिडकीकडच्या टोकाला यायचं. तिथे चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून गर्दीबाई बसलेली. बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं.

ती इथे आली होती इमारतींच्या खिडक्या भरायला. खिडक्यांवरून चाकांवर, चाकांवरून माणसांवर, अशी चढत गेली. तिचं म्हणणं, माणसं मनानं काढली की सगळी एकाच आईची लेकरं दिसतात. म्हणून ती चेहरे गोळा करायची. खिडकीखालच्या बसथांब्यावरून कुणाचं नाक उचल, लाँड्रीच्या रांगेतून कुणाचे कान, दातांच्या डॉक्टरकडे ताटकळणाऱ्यांतून कुणाची हनुवटी. अख्खा माणूस मात्र उचलायचा नाही, हा तिचा नेम. माणूस आपल्या चेहऱ्यावर हक्क सांगत आला तर त्याला म्हणता यावं, बाबा रे, नाक तुझं असेल, बाकीचा दुसऱ्याचा आहे.

या नेमाला एकच अपवाद. गर्दी काढून झाली की ती एका कोपऱ्यात आपल्या दादाला उभा करायची. अख्खाच्या अख्खा. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघतात ना, तसं. दादा उभा राहिला की गर्दी बंद झाली. मग ब्रश धुवायचा.

दादा तिचा थोरला भाऊ. बाईनं लग्न केलं नाही. दादा आणि वहिनीच्या घरात पुढची खोली तिची. दादाच्या तोंडावरून ऐन तारुण्यात वारं गेलं होतं. अर्धा चेहरा झोपला तो झोपलाच. उरलेल्या अर्ध्यानं ओठाचा कोपरा वर ओढून धरलेला. नवख्या माणसाला वाटावं, हा आपल्याकडे बघून कुत्सित हसतोय. त्यातही उफराटा प्रकार असा की दादाला वाईट वाटलं की तो कोपरा आणखी वर चढायचा. झोपलेल्या बाजूचा डोळा नीट मिटत नसे, तो गळायला लागायचा. वडील गेले तेव्हा भरल्या घरात आत्या ओरडली होती, "हसतोस काय रे मेल्या, बाप गेलाय तुझा!" त्यानंतर दादा कुणाच्याही दुःखाच्या जागी भिंतीकडे तोंड करून उभा राहायला शिकला.

गर्दीबाईला मात्र तो चेहरा सरळच दिसायचा. तिथे हसू कुठलं आणि रडू कुठलं, हे तिला लांबून कळायचं. आपल्याला कळतं ते सगळ्यांना कळत नाही, हेच ती विसरून गेली होती.

दादा एका मोठ्या इस्पितळात कामाला. कितीतरी वर्षं तळघरात होता, चादरी आणि सलाईनच्या बाटल्या मोजत. मग साथ आली, सगळ्यांची तोंडं मास्कखाली गेली आणि दादाची बदली वर झाली, अतिदक्षता विभागाच्या दारावर. भेटायला येणाऱ्यांना थांबवायचं, एकेकाला आत सोडायचं, बाहेर बसलेल्यांना चार शब्द बोलायचे. आवाज त्याचा पहिल्यापासून मऊ. दोन्ही तळवे छातीपुढे अर्धवट उचलून तो म्हणायचा, "थांबा जरा, डॉक्टर आहेत आत." आणि माणसं थांबायची. कुणी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचं. साथ सरली, सगळ्यांनी मास्क काढून फेकले, दादानं काढला नाही. घराच्या उंबऱ्यात चढवायचा तो परत आल्यावरच उतरवायचा.

"आमच्या घरातला झगमगवीर हाच," वहिनी म्हणायची. "तोंड झाकून लोकांच्या उपयोगी पडतो."

*

मग मनोऱ्याचा अंक आला.

त्यात झगमगवीर घड्याळाच्या मनोऱ्यावर चढून स्वतःचा फोटो काढताना मागे झुकतो, आणखी झुकतो आणि उडायचं विसरून खाली पडतो. शेवटच्या पानावर गर्दी. सगळ्यांचे फोन वर. त्याला पडायला नीट जागा मिळावी म्हणून लोकांनी मधे छान गोल मोकळा सोडलाय. झेलायला एक हात पुढे नाही. लेखक त्या पानावर भलताच खूश होता.

गर्दीबाईनं नेहमीप्रमाणे कोपऱ्यात दादाला उभं केलं. त्याच्या हातात फोन दिला नाही, कारण दादाकडे फोन म्हणजे बटणांचा. त्याला माणूस पडताना बघवणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून ओठाचा कोपरा जरा जास्त वर चढवला, हात छातीपुढे अर्धवट उचलले आणि गळक्या डोळ्याखाली ब्रशच्या टोकानं एक थेंब ठेवला. पान वाळलं. आत गेलं.

अंक छापून आला तेव्हा थेंब नव्हता.

पानं छपाईला जायच्या आधी कॉम्प्युटरवर साफसूफ व्हायची. ते काम करणारा कानात गाण्याची बोंडं घालून बसलेला असायचा. बाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"इथला थेंब कुठे गेला?"

त्यानं एका कानातलं बोंड काढलं. "कुठला थेंब?"

"डोळ्याखालचा."

"तो होय! मला वाटलं शाई उडालीय. पुसला." आणि वर म्हणतो कसा, "बाई, गर्दीत कोण बघतंय?"

तसं बघायला गेलं तर त्याचं बरोबर होतं. इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं.

पण या अंकाची गोष्ट निराळी होती, कारण लेखकाला न कळता भलतंच घडून बसलं होतं. ज्याची टर उडवायची त्याच्याच प्रेमात अर्धे वाचक पडले होते. झगमगवीर ऊन बघून उडतो? मग बरोबरच आहे, बिचाऱ्याची कातडी नाजूक. आधी फोटो मग मदत? अहो, फोटो नसेल तर इतरांना प्रेरणा कशी मिळणार? या मंडळींनी आपला 'झगमग परिवार' काढला, छातीवर चमकता तारा असलेले शर्ट शिवले. त्यांचा वीर मनोऱ्यावरून पडला, म्हणजे त्यांच्या घरातलंच माणूस पडलं. आता ते स्वतःहून पडलं म्हणायचं तर वीर मूर्ख ठरतो. म्हणजे कुणीतरी पाडलं.

कुणी पाडलं? शेवटच्या पानावर सगळ्यांच्या हातात फोन आहे. एकाच्या नाही. सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. एक हसतोय. आणि त्याचे हात बघा, टाळ्या वाजवायच्या बेतात!

बसथांब्यावर दोन मुली अंकावर डोकं घालून बसल्या होत्या, ते गर्दीबाईनं खिडकीतून ऐकलं.

"मला तर बघूनच किळस आली त्याची."

"अगं, हा मागच्या अंकातपण आहे. आगीच्या वेळी. हे बघ, नळापाशी."

"आई शप्पथ! आणि जहाजाच्या वेळी?"

"तिथंपण असणार. थांब, घरी जाऊन बघते."

बाईनं खिडकी लोटून घेतली. तो जहाजाच्या वेळीही होता ना! तिनंच तर त्याला धक्क्यावर दोरीच्या वेटोळ्याशेजारी उभं केलं होतं.

*

आठवडा सरायच्या आत लोकांनी सगळे जुने अंक चाळून काढले. जिथे जिथे संकट, तिथे तिथे हा माणूस. कधी छत्रीआड, कधी खांबामागे. प्रत्येक वेळी तेच हसू. त्याला नाव पडलं 'हसऱ्या'. हाच आगी लावतो, हाच जहाजाला भोक पाडतो. परिवारवाल्यांनी त्याचा चेहरा मोठा करून त्यावर फुली मारली. दुसऱ्या बाजूला, ज्यांना वीराचा कंटाळा आला होता त्यांनी तोच चेहरा कपांवर छापून घेतला. एकाच तोंडाला निम्मं गाव शिव्या घालत होतं आणि निम्मं गाव त्यात कॉफी पीत होतं.

लेखकाला आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. तो टेबलाभोवती येरझाऱ्या घालायला लागला. "मी हे आधीच योजलं होतं," म्हणाला. मुख्य चित्रकारानं मान वर न करता विचारलं, "कधी? आंघोळ करताना?"

लेखक गर्दीबाईपाशी येऊन थांबला. आजवर तो त्या टोकापर्यंत फारसा आला नव्हता.

"गर्दीबाई, खरं सांगा. हा माणूस तुमच्या डोक्यातला, का खराखुरा आहे कुणी?"

"डोक्यातला," बाई म्हणाली. तिच्या हातातल्या ब्रशनं कागदावर नको तिथे रेघ ओढली.

"वाटत नाही हो. इतका सारखा सारखा कसा येतो मग? असला कुणी तर आणा की त्याला. नव्या अंकाच्या समारंभात मंचावर उभा करू. लोक वेडे होतील."

"कुणी नाही म्हटलं ना."

कपाटात मूळ पानं ठेवलेली असायची. त्या दुपारी मनोऱ्याचं पान तिनं मागून घेतलं आणि आपल्या पिशवीत उभं करून ठेवलं. कशासाठी, ते तिला तरी कुठे ठाऊक होतं!

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्यानं एक बातमी सगळ्यांना दाखवली. दुसऱ्या कुठल्याशा भागात, एका बँकेत कामाला असलेल्या माणसाला परिवारवाल्यांनी रस्त्यात अडवलं होतं. त्याचा जन्मतःच ओठ वर होता. "हसून दाखव," म्हणत त्याला ढकललं, चष्मा फुटला. सगळं फोनवर चित्रित केलेलं. त्या चित्रणात गर्दी होती आणि तिनं मधे छान गोल मोकळा सोडला होता.

मुख्य चित्रकारानं ब्रश खाली ठेवला. लेखकसुद्धा खाली बसला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "आता तर पुढचा अंक आणखीच महत्त्वाचा झाला."

*

वहिनीला कपावरून कळलं. भांड्यांच्या दुकानात मांडणीवर तो एका ओळीत हारीनं लावलेला, तिचा नवरा. ती घरी आली ती पिशवी न ठेवताच बोलायला लागली.

"वन्सं, हे काय केलंत तुम्ही?"

गर्दीबाई कणीक भिजवत होती. हात तसेच थांबले.

"मी म्हटलं, मला भास होतोय. दुकानदाराला विचारलं, कोण हो हे? म्हणतो, ताई, हा फार नालायक माणूस आहे, पण खप चांगला आहे. तीस वर्षं मी संसार करतेय या नालायक माणसाशी, मला कुणी सांगितलं नाही!"

"हळू बोला वहिनी. दादा..."

"ते बाथरूममध्ये आहेत. नळ चालू आहे तोवर बोलून घेते." वहिनीचा आवाज खाली आला आणि जास्तच धारदार झाला. "त्या बँकेतल्या माणसाचं ऐकलंत ना? उद्या यांना दारावर कुणी ओळखलं तर? नुसता मास्क आहे मधे. कापडाचा. हा एवढासा."

"ओळखणार नाहीत. त्यांचं तोंड कुणी बघितलंय तिथे?"

"आणि साहेबांनी बघितलं तर परत तळघरात ढकलतील. तुम्हाला ठाऊक आहे वन्सं, तळघरात होते तेव्हा ते घरी येऊन किती बोलायचे? मीठ द्या आणि दिवा घालवा. एवढंच. आता येतात ते आज कोण बरं झालं, कुणाचा मुलगा शुद्धीवर आला, सांगतात मला." ती ओट्याला टेकली. "त्यांना सांगायचं नाही काही."

नळ बंद झाला. दोघी एकदम कणकेकडे बघायला लागल्या.

दादाला सांगायची वेळ आलीच नाही. दारासमोरच्या बाकावर वाट बघत बसलेल्या एका नातेवाइकाच्या मांडीवर तो अंक होता. तो माणूस उठून आत गेला, अंक बाकावर उघडाच राहिला.

त्या संध्याकाळी दादा घरी आला आणि त्यानं मास्क काढला नाही. हातपाय धुतले, खुर्चीत बसला, वर्तमानपत्र उघडलं, मास्क तसाच. वहिनीनं ताट वाढलं. त्यानं ते उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

वहिनीनं गर्दीबाईकडे बघितलं. त्या बघण्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईनं पिशवीतलं पान काढलं आणि दारावर टकटक केली. दादा भिंतीकडे तोंड करून जेवत होता.

"दादा."

"बोल, ठमे." लहानपणी ती अंगानं ठेंगणीठुसकी, म्हणून ठमी.

"तू वाचलंस का ते?"

"चित्रकथा वाचत नाहीत. बघतात." त्यानं घास गिळला. "मी समजायचो, निदान आपल्या घरात तरी मी हसतोय असं कुणाला वाटत नाही."

"मला नाहीच वाटत! अरे, तू रडतोयस तिथे. हे बघ ना. हा थेंब मी काढला होता, त्या शहाण्यानं डाग म्हणून पुसला. हे माझ्या हातचं पान आहे. बघ तरी."

त्यानं मान वळवली नाही. तिनं पान त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. पाठीमागून तिला त्याचे फक्त कान दिसत होते आणि त्यात अडकवलेल्या मास्कच्या दोऱ्या. जेवण्यापुरता त्यानं तो हनुवटीखाली ओढला होता.

"एवढासा?" शेवटी तो म्हणाला. "एवढ्याशा थेंबाच्या भरवशावर मला तिथे उभा केलास?"

त्यानं मास्क वर ओढला, मगच ताट घेऊन उठला.

*

पुढच्या अंकाचं शेवटचं पान असं ठरलं होतं: पडून जायबंदी झालेला झगमगवीर पलंगावरून उठतो, भर चौकात उतरतो आणि ओरडतो, "हसला कोण?" गर्दी दुभंगते. मधे एकटा हसऱ्या. पानभर मोठा चेहरा, प्रत्येक सुरकुती दिसेल असा.

"हे तुम्हीच काढायचं, बाई," लेखक म्हणाला. "तुमच्याइतका कुणाला येणार नाही तो. नाही म्हणालात तर मी दुसऱ्याकडून काढून घेईन, पण मग ती मजा नाही."

बाईनं पान घेतलं. नाही म्हणून उपयोग नव्हता. दुसऱ्यानं काढलं असतं तर त्यानं खराखुरा हसता राक्षस काढला असता आणि त्या राक्षसाला दादाची भुवई असती.

त्या पानावर ती मान वर न करता बसली. टेबलाच्या टोकाला सगळ्यांकडे पाठ करून, अंगानं कागद झाकून, शाळेत पोरं उत्तर लपवतात तशी. जेवणाच्या सुट्टीत उठली नाही. मुख्य चित्रकार एकदा डोकावला, "बाई, प्रेमात पडलात का त्याच्या?" तिनं ऐकलंच नाही. छपाईवाल्याचे फोनवर फोन येत होते. तिला नेमकं तेच हवं होतं: पान हातातून सुटेल तेव्हा कुणाला ते परत काढून घ्यायला वेळ उरायला नको.

पान टेबलावर ठेवलं तेव्हा लेखक त्यावर वाकला.

पानावर एकटा हसऱ्या नव्हता. अख्खी गर्दी होती. भाजीवाली, पोलीस, काखेत पिशवी धरलेली म्हातारी, बँकेतला कारकून, ताऱ्यावाल्या शर्टातले परिवारवाले, पावडर लावणारी, फोटोवाला. आणि प्रत्येकाच्या ओठाचा एक कोपरा वर ओढलेला. झाडून प्रत्येकाच्या. आरशासारख्या खिडकीत दिसणाऱ्या झगमगवीराच्या प्रतिबिंबाचासुद्धा. दादा त्यात होता की नव्हता, ते शोधून सापडलं नसतं.

"हे काय आहे?" लेखक ओरडला. "मी एक सांगितला होता! एक!"

"वीर विचारतो, हसला कोण," बाई म्हणाली. "मला वाटलं, आपण इतके महिने सगळ्यांना हसवतोय. मग एकाचंच नाव कसं सांगणार?"

फोन परत वाजला. छपाईवाला खाली गाडी घेऊन उभा होता. लेखक पानाकडे बघत राहिला, मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडल्यासारखं झालं. "अर्थात," तो म्हणाला, "मला हेच म्हणायचं होतं." पुढे नव्या शर्टात बसून त्यानं मुलाखतीतही तेच सांगितलं.

*

अंक बाहेर पडला त्या दिवशी गर्दीबाईचं कामात लक्ष लागेना. आपण जाळ विझवलाय की त्यात तेल ओतलंय, ते कळायला मार्ग नव्हता. दुपारी भेटीच्या वेळेला ती इस्पितळात गेली. वहिनीनं डबा पाठवलाय, हे निमित्त.

व्हरांड्यात माणसं दाटली होती. दारापाशी दादा, निळा मास्क, त्यावर डोळे. त्यानं तिला बघितलं आणि नजर काढून घेतली. घरात अजून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. ती बाकावर एका म्हाताऱ्या बाईशेजारी टेकली. म्हातारीच्या मांडीवर आत असलेल्या नवऱ्याचे बूट होते, कागदात गुंडाळलेले.

गर्दी पुढे सरकली. दादानं दोन्ही तळवे छातीपुढे अर्धवट उचलले. "थांबा जरा. एकेक."

पुढे उभा असलेला तरुण तिथेच थबकला. त्याच्या छातीवर चमकता तारा होता.

"काका, हात असेच ठेवा."

"काय?"

"हलवू नका हात." तो मागे वळून आपल्याबरोबरच्या मुलीला म्हणाला, "ए, बघ ना. हेच हात. मनोऱ्याच्या पानावरचे. टाळ्या वाजवणारे."

गर्दीबाईच्या मांडीवरचा डबा खाली पडला. चेहऱ्याची एवढी काळजी केली आणि हातांचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काका, मास्क काढा," तरुण म्हणाला.

"इस्पितळ आहे हे," दादा म्हणाला.

"बाकी कुणी घातलाय का? तुम्हीच का तोंड लपवता? काढा ना. एकदा बघू दे."

एक फोन वर गेला. मग दुसरा. मग व्हरांडाभर फोनच फोन. आणि दादाभोवती लोक हळूच मागे सरले, मधे गोल मोकळा झाला. तो गोल बाईला ओळखीचा होता. असा कितीदा तरी तिनं पेन्सिलीनं आखला होता. तिला उठायचं होतं, ओरडायचं होतं. माणसांच्या फटीतून दादानं तिच्याकडे बघितलं. तिनं जोरजोरात मान हलवली: नको. काढू नकोस.

दादानं उजव्या कानामागची दोरी सोडली. मास्क डाव्या कानाला लोंबकळला.

ओठाचा कोपरा वर चढलेला होता, इतका वर की बाईनं तो वडील गेले तेव्हाच बघितला होता.

ताऱ्यावाल्यानं एक पाऊल पुढे टाकलं. तेवढ्यात त्याच्याबरोबरची मुलगी किंचाळली, "अय्या! काकांना काय मस्त जमलंय!"

तिच्या हातात नवा अंक होता. तिनं शेवटचं पान उघडून दादाच्या तोंडाशेजारी धरलं आणि स्वतःचा ओठ एका बाजूला वर ओढला. "सकाळपासून आमच्या वर्गात सगळे करतायत, कुणाला धड येत नाही. काका, कसं करता?"

मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी तोंड वाकडं केलं. एका पोक्त गृहस्थानं करून बघितलं, त्याला जमलं नाही म्हणून त्याच्या बायकोनं करून दाखवलं. फोन उलटे वळले, लोक दादाच्या शेजारी उभे राहून आपापली तोंडं वाकडी करायला लागले. "काका, अजून थोडं वर! अगदी पानातल्यासारखं!" आणि कोपरा खरोखरच आणखी वर चढला.

ताऱ्यावाला गोंधळून मधेच उभा होता. "पण... तुम्हीच का ते?"

"सगळेच आहेत की त्यात," दादा मऊ आवाजात म्हणाला. "तुझ्यासारखा शर्टपण आहे बघ एकाला."

पोरानं पानात डोकं घातलं.

बाकावरची म्हातारी बूट बाजूला ठेवून उठली. तिच्याजवळ फोन नव्हता. माणसांना कोपरानं ढकलत ती दादापर्यंत गेली आणि कमरेचा रुमाल काढून त्याच्यापुढे धरला.

"घ्या. डोळा गळतोय तुमचा."

"नेहमीचंच आहे ते, आजी."

"असू दे. आज जास्त गळतोय."

दादानं रुमाल घेतला. डोळा पुसला. मग दोन्ही तळवे वर केले आणि म्हणाला, "चला, फोन आत ठेवा. आजी, तुम्ही आधी या."

*

त्या संध्याकाळी तो घरी आला, मास्क खुंटीला लावला आणि ओट्याशी येऊन ताटाची वाट बघत उभा राहिला. वहिनीनं नुसतं भांडं एवढ्या जोरानं आपटलं की शेजारचा कुत्रा भुंकला.

जेवताना तो सगळं सांगत होता. त्या पोक्त गृहस्थाच्या बायकोचं तोंड कसं झालं, ते त्यानं करून दाखवायचा प्रयत्न केला, आणि त्याला ते करायची काही गरज नव्हती हे लक्षात येऊन थांबला. वहिनी पदर तोंडावर धरून हसली. गर्दीबाईला हसू येईना.

"उद्या मास्क घालणार?" तिनं विचारलं.

"घालीन. सवयीचा आहे. हे खूळ काय, महिन्या-दोन महिन्यांत उतरेल. माझं थोडंच उतरणार आहे?" त्यानं भाकरी मोडली. "पण त्या आजीशी बोलायचं असलं तर काढीन."

मग तो ताटाकडे बघतच म्हणाला, "ठमे."

"हं?"

"पुढच्या वेळी थेंब मोठा काढ. आंधळ्यालासुद्धा डाग वाटता कामा नये."

"पुढच्या वेळी म्हणे!" वहिनी कडाडली. "अजून पुढची वेळ आहेच का?"

गर्दीबाईनं मान खाली घातली आणि बोटानं ताटातल्या पाण्यावर एक गोल काढला. केवढा मोठा काढावा, ते ती बघत होती.